समासातलं नाव

घिवलीत आम्ही राहायचो त्या घराला मधोमध कुडाची भिंत होती. कारवीच्या काठ्या उभ्या करून वरून शेणमातीने लिंपलेली, आणि तीही आढ्यापर्यंत पोचलेली नव्हती. पलीकडे घरमालकीण हिराबाय, अलीकडे आम्ही तिघं: बाबा, आई आणि मी. पलीकडे तव्यावर बोंबील पडले की त्यांची चुरचुर आमच्या चुलीपाशी ऐकू यायची, आणि इकडे आई मला रागावली की हिराबाय तिकडून माझी बाजू घ्यायची. "नको गो मारू पोरीला," असा आवाज यायचा. मग आई आढ्याकडे बघून, जणू हिराबाय तिथेच बसली आहे, म्हणायची, "मारत नाही हो, नुसती बोलतेय." हिराबायचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिच्या भावाची, जानूमामाची, होडी होती. ती होडी किनाऱ्याला लागली की हिराबाय टोपली भरून बोईसरच्या बाजाराला जायची. उरलेली मासळी मांडवावर वाळत घालायची आणि कावळ्यांना शिव्या देत बसायची. तिच्या शिव्यांना आणि शापांना गावात मान होता. तिने एकदा तोंड सोडलं की मोठमोठे पुरुष वाट बदलून जात.

आम्ही मूळचे नगरकडचे. तिकडे पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी चमकणारं काहीतरी. इथे दाराबाहेर आलं की समुद्र. बाबा सुतार होते. इकडे अणुवीज प्रकल्पाचं काम निघालं तेव्हा चहूबाजूंनी माणसं येऊ लागली, त्यात बाबाही आले. कामगारांच्या वसाहतीच्या इमारती बांधायचं काम एका ठेकेदाराकडे होतं, त्याच्याकडे बाबा सेंट्रिंगचं काम करत. म्हणजे काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा बांधायचा, आणि ते सुकल्यावर तो काढून घ्यायचा. "मी बांधतो ते कुणाला दिसत नाही, मी काढून घेतल्यावर जे उरतं ते दिसतं," असं ते हसून सांगत. दिवसभर तिकडून ठोकाठोक ऐकू यायची, दुपारी सुरुंगाचा भोंगा व्हायचा, आणि भोंग्यानंतरच्या धडाक्याने आमच्या मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. आईला सुरुवातीला मासळीचा वास सहन व्हायचा नाही. ती पदर नाकाला लावून बाजरीची भाकरी थापायची. वर्षभरात मात्र ती हिराबायच्या हाताखाली तांदळाच्या भाकऱ्या करायला शिकली, आणि सुक्या जवळ्यात कैरी घालून असं कालवण करायला लागली की बाबा ताट बोटाने पुसून खात.

संध्याकाळी दिवे लागले की आमच्याकडे वाचन व्हायचं. जवळपास देऊळ नव्हतं, म्हणजे आमचं, ख्रिस्ती लोकांचं. महिन्यातून एकदा आम्ही पालघरला उपासनेला जायचो. एरवी आमचं देऊळ म्हणजे कंदील, चटई आणि बाबांचं काळ्या पुठ्ठ्याचं पवित्र शास्त्र. त्यातली स्तोत्रसंहिता बाबा रोज वाचत. रोज एक स्तोत्र, ओळीने, पहिल्यापासून दीडशेपर्यंत, आणि संपलं की पुन्हा पहिलं. एकशे एकोणिसावं फार लांब आहे, त्याचे बावीस तुकडे आहेत, ते बावीस दिवस चालायचं. आवडीचं निवडून वाचायचं नाही, हा घरचा नियम होता. आनंदाच्या दिवशी रडण्याचं स्तोत्र आलं तर ते वाचायचं, आणि घरात काळजी असताना टाळ वाजवून नाचण्याचं आलं तर तेही. मी एकदा तक्रार केली तेव्हा बाबा म्हणाले, "आपल्याला काय पाहिजे ते आपण देवाला रोजच सांगतो. त्याला काय सांगायचंय ते ओळीत उभं राहून ऐकू की." एक दिवस ते वाचत, एक दिवस मी. पलीकडे हिराबाय सुपारी कातरत ऐकत बसायची. तिच्या अडकित्त्याचा आवाज थांबला की समजायचं, तिला आजचं आवडलं.

या नियमात बाबा एकाच ठिकाणी लबाडी करत. एकशे नववं स्तोत्र आलं की ते सुरुवातीच्या चार ओळी वाचत, मग एक बोट पानावरून खाली सरकवत आणि शेवटच्या दोन ओळी वाचून पुस्तक मिटत. "मधलं तेच ते आहे," म्हणत. मी एका दुपारी मधलं वाचून काढलं होतं. ते तेच ते नव्हतं. त्यात एक माणूस आपल्या वैऱ्याला असे शाप देतो की हिराबायनेही कानांवर हात ठेवले असते.

रविवारी दानियलकाका जेवायला यायचे. ते आमच्या नगरकडच्या गावापासून दोन कोसांवरच्या गावचे. बाबा आणि ते एकाच गाडीतून, एकाच पत्र्याच्या पेटीवर बसून इकडे कामाला आले होते. बाबा सुतार राहिले आणि दानियलकाका त्याच ठेकेदाराकडे मुकादम झाले, कारण त्यांचा आवाज मोठा होता आणि माणसं त्यांचं ऐकत. ते जवळच्या पाम गावात एका खोलीत राहायचे. बायको मार्थाकाकू आणि दोन लहान मुलं, चौघंही रविवारी चालत आमच्याकडे येत. आई हुलग्याची शेंगोळी करायची. दानियलकाका तीन वेळा मागून घेत आणि मग ढेकर देऊन गाणी म्हणत. मला ते "मास्तरीणबाई" म्हणायचे, कारण मी सातवीत होते आणि ते दुसरीत शाळेतून पळाले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, पण ऐकून ऐकून कितीतरी स्तोत्रं पाठ होती. मी वाचताना अडखळले तर पुढचा शब्द तेच सांगायचे.

एका उन्हाळ्याच्या अखेरीला बाबा भर दुपारी घरी आले. अवजारांची पिशवी खांद्यावर होती. पिशवी ते कधी घरी आणत नसत, ती कामावरच असायची. आईने त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला. कामावरच्या फळ्या कमी भरल्या होत्या, आणि त्या मिस्त्रीने, म्हणजे बाबांनी, बाहेर विकल्या असं कारकुनाला कुणीतरी सांगितलं होतं. बाबांना त्याच वेळी कामावरून काढलं.

"कुणी सांगितलं?" आईने विचारलं.

बाबांनी तांब्या तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला, खाली ठेवला.

"दानियलनं," ते म्हणाले. "कारकून म्हणाला, तुमच्याच माणसानं सांगितलं, मग आणखी काय पुरावा पाहिजे?"

पलीकडे अडकित्त्याचा आवाज थांबला.

त्या रविवारी कुणी जेवायला आलं नाही, पुढच्याही नाही. काही दिवसांनी ओळीत पंचावन्नावं स्तोत्र आलं. बाबांची पाळी होती. त्यात तो गाणारा म्हणतो की वैऱ्याने निंदा केली असती तर मी सोसली असती, पण हा तर माझा सोबती, याच्याबरोबर मी देवाच्या घरी चालत गेलो. बाबा तिथे थांबले. कंदिलाची वात वर केली, खाली केली, आणि पुढे वाचायला लागले. मला तेव्हा इतकंच कळलं की हजारो वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा माणसाला बाबांची गोष्ट माहीत होती. पुढे आयुष्यात मला स्वतःला अशी पानं बरीच भेटली. नोकरी लागली तेव्हा, पहिलं बाळ राहिलं नाही तेव्हा. पण कुणीतरी आधीच इथून चालून गेलंय, हे पहिल्यांदा कळलं ते त्या संध्याकाळी, बाबांच्या थांबण्यातून.

पावसाळा लागला होता आणि होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवल्या होत्या. एका सकाळी हिराबाय दारात येऊन बाबांना म्हणाली, "बसून काय करतं? आमच्या जानूच्या होडीच्या दोन फल्या कुजल्यात. लाकूडच हाय ना ते पन?" बाबांनी आयुष्यात होडीला हात लावला नव्हता. तरी गेले. साच्याची फळी सरळ असते, होडीची वाकवावी लागते. जानूमामाने त्यांना फळी ओली करून, जाळावर धरून वाकवायला शिकवलं, पाणी शिरू नये म्हणून सांधीत कापूस ठोकायला शिकवलं. पहिल्या आठवड्यात बाबांची बोटं सुजली. दुसऱ्या आठवड्यात आणखी एक होडीवाला त्यांना बोलवायला आला. मजुरी म्हणून कधी भात यायचा, कधी सुकी मासळी. आई हिराबायबरोबर मासळी निवडायला बसू लागली. उपाशी राहिलो नाही. पण बाबा कमी बोलायचे. आणि आई तर दानियलकाकांचं नाव निघालं की भाकरी इतक्या जोरात थापायची की ती फाटायची.

अशातच एकशे नववं आलं. बाबांनी चार ओळी वाचल्या आणि बोट खाली सरकवायला लागले.

"पूर्ण वाचा," आई म्हणाली.

"मधलं तेच..."

"तेच ते असेल तर वाचायला काय हरकत? नियम तुमचाच आहे."

बाबांनी वाचलं. त्याचं काम दुसऱ्याला मिळो. त्याची लेकरं दारोदार फिरोत. त्याचे दिवस थोडे होवोत, त्याची बायको विधवा होवो. कंदिलाच्या उजेडात आईचे डोळे चमकत होते आणि बाबांचा आवाज हळूहळू चढत गेला. त्यांनाही तो आवाज आवडतोय असं मला वाटलं. वाचन संपलं. मग भिंतीपलीकडून हिराबाय म्हणाली, "अगो बाय! तुमच्या देवाला असला पन चालतं? मना वाटलं, तुमी नुसतं गोड गोडच बोलतं त्याच्याशी. हा कुनासाठी वाचला?"

"कुणासाठी नाही," बाबा म्हणाले. "आज याची पाळी होती."

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नसताना मी ते पान काढलं. पेन्सिल घेतली आणि समासात, शापांच्या अगदी शेजारी, बारीक अक्षरात लिहिलं: दानियलकाका. काका हा शब्द लिहायला नको होता, पण हात सवयीने लिहून गेला.

तीन दिवसांनी बातमी आली. पावसात सायकलवरून येताना दानियलकाका ओढ्यावरच्या मोरीवरून घसरले आणि खाली दगडांवर पडले. नडगीचं हाड मोडलं. पालघरच्या दवाखान्यात नेऊन पायाला प्लास्टर घातलं आणि घरी आणून सोडलं. आई ऐकून "अरे देवा" म्हणाली आणि तांदूळ निवडत राहिली. मी मात्र पुस्तकातलं ते पान पुन्हा काढून बघितलं. आठवड्याने कळलं, ठेकेदाराने दुसरा मुकादम नेमला. त्याचं काम दुसऱ्याला मिळो. आणि त्यानंतर दोन दिवसांनी, दुपारच्या भोंग्याच्या सुमाराला, आमच्या दारात मार्थाकाकू उभी राहिली. दोन्ही मुलं तिच्या पदराला धरून होती, तिघंही भिजलेली. काखेत रिकामी पिशवी. ती आत आली नाही, आईकडे बघितलंही नाही, खाली बघून म्हणाली, "वहिनी, पोरांसाठी काही असलं तर." आई उठली, सूपभर तांदूळ आणि वर मूठभर सुके बोंबील पिशवीत ओतले, मुलांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. ती तिघं पावसात दिसेनाशी झाल्यावर आई दारातच बसली आणि डोळ्यांना पदर लावून रडली. मी रडले नाही. मी मनात ओळी मोजत होते. लेकरं दारोदार. ते झालं. आता थोड्या दिवसांची ओळ राहिली होती, आणि विधवेची.

आज हे लिहिताना हसू येतं. त्या वेळी माझं जेवणावरचं मन उडालं होतं. मला खात्री होती की मी एका माणसाला मारते आहे, आणि ते थांबवायचं कसं हे त्या पानावर कुठेच दिलेलं नाही. मी खोडरबराने नाव पुसायला गेले तर कागद पातळ, तो तिथे फाटला. नाव गेलं नाही, "दानि" गेलं आणि "यलकाका" उरलं. मग मी हिराबायकडे गेले. शापांचं तिच्याइतकं कुणाला कळणार? तिने हातातली मासळी ठेवून सगळं नीट ऐकून घेतलं.

"आमचा शाप तोंडचा असतं," ती विचार करून म्हणाली. "राग गेला की तोंड धुवायचा, मीठ-मिरची उतरायची, झाला. तुजा तर लिवलेला हाय. लिवलेल्याचा मना नाय समजत. बापाला सांग जा."

"बाबा मारतील."

"मारू दे. मी हाय भिंतीमांगे."

मी किनाऱ्यावर गेले. बाबा उलट्या होडीखाली उकिडवे बसून सांधीत कापूस ठोकत होते. मी तिथेच, होडीच्या सावलीत वाकून, पुस्तक त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी फाटलेला समास बघितला. उरलेली अक्षरं वाचली. पवित्र शास्त्राचं पान फाडलं म्हणून तरी ओरडतील असं वाटलं होतं. त्यांनी हातोडी खाली ठेवली आणि पुस्तक हातात घेतलं.

"तू लिहिलंस तरी," ते म्हणाले. "मी नुसतंच म्हटलं. त्या दिवशी एकेक ओळ मी त्याचंच नाव घेऊन वाचली, मनात. इतकी वर्षं ते स्तोत्र का गाळतो, माहितीये? मला ते आवडेल याची भीती वाटायची. आणि आवडलं."

"काका मरतील का?"

"नडगी मोडून कुणी मरत नाही. आणि देव काय आपला गडी आहे, आपण सांगू ते काम करायला?" मग म्हणाले, "तो स्तोत्रवाला बघ. एवढा जळफळाट झालाय, पण दगड उचलून वैऱ्याच्या घरी गेला नाही. देवाकडे गेला. सगळं ओकला, आणि तिथंच ठेवून उठला. आपण दोघं ते परत उचलून घरी घेऊन आलो, ही आपली चूक."

"मग आता काय करायचं?"

"आता," बाबा म्हणाले, "त्याला चालायला काहीतरी लागेल."

त्या संध्याकाळपासून त्यांनी कुबड्या करायला घेतल्या. जानूमामाने होडीतून उरलेलं सागाचं लाकूड दिलं. बाबांना दानियलकाकांची उंची पाठ होती, इतकी वर्षं एकत्र साचे उभे केले होते. काखेत येणाऱ्या आडव्या भागाला त्यांनी काथ्या गुंडाळला, त्यावर आईने जुन्या लुगड्याची चिंधी शिवली. शिवताना ती म्हणाली, "मी काही येणार नाही." बाबा म्हणाले, "नको येऊस." तिने टाके मात्र दुहेरी घातले.

पडल्याला तीन आठवडे झाले असतील, तेव्हा आम्ही पामला गेलो. बाबांच्या खांद्यावर कुबड्या, माझ्या काखेत छत्रीच्या कापडात गुंडाळलेलं पुस्तक, कारण परत यायला दिवे लागणार होते आणि वाचन चुकवायचं नव्हतं. पाऊस नव्हता. भाताची रोपं गुडघ्याएवढी झाली होती आणि बांधावर खेकडे पळत होते. दानियलकाकांची खोली ठेंगणी होती, जमिनीला ओल आलेली. ते भिंतीला टेकून बसले होते, पाय पुढे पसरलेला. दाढी वाढली होती. बाबांना बघून ते उठायला गेले आणि कळ येऊन पुन्हा बसले. मार्थाकाकूने पटकन घोंगडी पसरली.

बाबा आत आले आणि त्यांनी सहज वर बघितलं. मीही बघितलं. खोलीच्या अर्ध्या भागावर माळा घातला होता. मुलं वर बसून खाली वाकून आमच्याकडे बघत होती. माळ्याच्या फळ्यांना सिमेंटचे पांढरे डाग होते. बाबांनी नजर खाली आणली, घोंगडीवर बसले, आणि कुबड्या पुढे ठेवल्या.

"बघ, काखेला लागतात का," ते म्हणाले.

दानियलकाकांनी कुबडीवरून हात फिरवला. "लाकूड कुठलं, मिस्त्री?"

"होडीचं उरलेलं. विचारून घेतलंय."

मार्थाकाकूने बिनदुधाचा चहा दिला. बाहेर अंधारायला लागलं तसं बाबा म्हणाले, "वाचनाची वेळ झाली. इथंच वाचू. करुणा, आज तू वाच."

एकशे एकोणिसावं चालू होतं, त्याचा पंधरावा तुकडा. मला बरं वाटलं. त्या स्तोत्रात सगळं देवाच्या नियमांविषयी असतं, बोचेल असं काही निघणार नाही. मी कुठला तुकडा ते मोठ्याने सांगून पान उघडलं, पहिली ओळ बघितली आणि ती बोटाखाली झाकली. दुटप्पी माणसांचा मला तिटकारा आहे, अशी त्या तुकड्याची सुरुवात होती.

"वाच," बाबा म्हणाले. त्यांना काय येणार ते आठवत नव्हतं.

मी बाबांकडे बघितलं, पानाकडे बघितलं. पुढची ओळ वाचावी का, असं मनात आलं. आमच्याकडे एक स्तोत्र वर्षानुवर्षं गाळलंच जात होतं ना!

"वाच, मास्तरीणबाई," दानियलकाका भिंतीला टेकूनच म्हणाले. डोळे मिटलेले होते. "मला येतं ते. दुटप्प्यापासून सुरू होतं. ते माझंच हाये. नको गाळू."

मी वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. पुढे त्यातच येतं की तू माझा आसरा आहेस, मला धर, म्हणजे मी वाचेन. तिथे दानियलकाका माझ्याबरोबर पुटपुटायला लागले. संपल्यावर त्यांनी डोळे उघडले.

"मिस्त्री, वर बघितलंस ना?"

"बघितलं."

"कधी?"

"आत आलो तेव्हा."

"आणि बसलास तरी."

"पाय दुखत होते," बाबा म्हणाले.

दानियलकाका रडायला लागले. मोठ्या आवाजाचा माणूस, पण रडण्याला आवाज नव्हता. आदल्या पावसाळ्यात पोरं ओल्या जमिनीवर झोपून खोकत होती, म्हणून या खेपेला त्यांनी आधीच फळ्या आणल्या. पाऊस संपला की परत नेऊन ठेवणार होते. मोजणी आधीच झाली, कारकुनाने विचारलं, आणि घाबरून तोंडाला पहिलं जे नाव आलं ते घेतलं. "दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं असतं तर तो मला मारायला आला असता," ते म्हणाले. "तू येणार नाहीस, हे मला माहीत होतं. म्हणून तुझं घेतलं." हे त्यांनी सांगितलं नसतं तरी चाललं असतं. पण त्यांनी सांगितलं, आणि मला वाटतं, त्या संध्याकाळी त्यांच्या तोंडून निघालेलं सगळ्यात कठीण वाक्य तेच होतं. मार्थाकाकू चुलीकडे तोंड करून बसली होती. तिला काहीच माहीत नव्हतं, हे तिच्या पाठीवरून कळत होतं.

बाबांनी त्यांना जवळ घेतलं नाही, की खांद्यावर हात ठेवला नाही. "कुबडी उजवीकडची जरा उंच वाटली तर सांग, कापून देईन," एवढं बोलून ते उठले.

परतताना वाटेत मी विचारलं, "बाबा, तुम्ही काकांना माफ केलं?"

त्यांनी माझ्याकडचं पुस्तक स्वतःच्या काखेत घेतलं.

"आज नाही," ते म्हणाले. "उद्या विचार."

आता माझी सत्तरी मागे पडली. कुंभवलीच्या बाजूला मुलाकडे राहते. दिवसरात्र कारखान्यांचे भोंगे ऐकते. माफी या विषयावर पुष्कळ प्रवचनं ऐकली, चांगल्या चांगल्या माणसांची. "उद्या विचार" इतकं खरं मला त्यात काही सापडलं नाही. मी अजून रोज एक स्तोत्र वाचते, ओळीने. एकशे नववं पूर्ण वाचते आणि पुस्तक मिटून थोडा वेळ हात त्यावर ठेवून बसते. कुणाचं नाव मनात आलं तर येऊ देते. मग उठून भाजी चिरायला घेते.

प्लास्टर काढल्यावर दानियलकाका कुबड्यांवर कारकुनाकडे गेले आणि फळ्यांचं खरं सांगून आले. त्यांची जागा त्यांना परत मिळाली नाही. पुढे बोईसरला एका गोदामावर त्यांनी राखणदारी धरली. बाबांना मात्र ठेकेदाराचा निरोप आला. बाबा गेले, त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं, "चोर नव्हतो एवढं चार माणसांत सांगा" म्हणाले, ते ठेकेदाराने सगळ्यांसमोर सांगितलं, आणि बाबा परत येऊन होडीखाली बसले. सरळ फळीत आता मन लागत नाही, असं त्यांनी आईला सांगितलं. पुढे त्यांनी हाताखाली माणसं घेऊन नव्या होड्या बांधल्या. नगरकडचा सुतार म्हणून दुरून दुरून लोक त्यांना शोधत यायचे.

मी मात्र त्या संध्याकाळनंतर रोज विचारत होते. वाचन झालं, पुस्तक मिटलं की, "आज?" आणि बाबा मान हलवत, नाही. कधी चिडत, कधी हसत. नारळी पौर्णिमा झाली, होड्या समुद्रात गेल्या, एक नवी होडी अर्धी बांधून किनाऱ्यावर उभी राहिली. एका दुपारी मी तिथे त्यांना डबा घेऊन गेले. ते फळीवर ओठंगून खिळे मारत होते, तोंडात चारपाच खिळे धरलेले. वाचनाची वेळ नव्हती, तरी सवयीने तोंडून गेलं, "आज?"

बाबांनी हातोडी थांबवली. एकेक करून तोंडातले खिळे काढून तळहातावर ठेवले.

"आईला जाऊन सांग," ते म्हणाले, "रविवारी जेवायला चार माणसं जास्त आहेत."

मी डबा वाळूत ठेवला आणि घराकडे पळत सुटले.